घाटात तापलेल्या गाडीला पाणी हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जोडून आल्या की बोरघाटात गाड्या तापून बंद पडल्याच्या आणि मागे रांगा लागल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात. सोबतच्या चौकटीत एक ओळीचा सल्लाही असतो, ‘निघण्यापूर्वी रेडिएटरमधील पाणी तपासा.’ प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात हा सल्ला ठीक होता. आजच्या गाडीत नुसते पाणी नसते, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे मिश्रण असते आणि ते बंद यंत्रणेत फिरते. पातळी वरचेवर खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा ते इंजिनात जळते आहे. वरून पाणी ओतत राहिले की शहरात काही जाणवत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला मात्र तीच गाडी वाफ सोडते.

आधी पाण्याबद्दल. नुसते पाणी उष्णता चांगली वाहते, हे ‘कूलंट कशाला?’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पण बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) वाटांत पांढऱ्या थराने बसतात, ॲल्युमिनिअम गंजते आणि पंपाचे सील खराब होते. दुसरे असे की, महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी साधारण ९५ अंश सेल्सिअसलाच उकळते. इंजिन तर ८५ ते १०० अंशांत चालते. हे जमते ते रेडिएटरच्या कॅपमुळे. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा तेवढे बार चढेपर्यंत ती धरून ठेवते, म्हणून पाणीदेखील सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचे रबर कडक झाले किंवा चिरले की दाब टिकत नाही आणि बाकी सगळे ठीक असताना गाडी उकळते. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप पिचकलेला दिसला, तर कॅपमधला, कूलंट परत आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजावे. गाडी सारखी तापत असेल तर सगळ्यात स्वस्त भाग म्हणून आधी कॅप बदलून बघायला हरकत नाही. मात्र आकडा तोच हवा. १.१ च्या जागी १.४ ची लावली तर जुना होज किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटते.

कूलंट इथिलीन ग्लायकॉलचे असते आणि त्यात गंजरोधक रसायने असतात. आपल्या हवेत ३० ते ५० टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी, असे प्रमाण चालते. ‘जास्त घातले तर जास्त थंड’ हा समज चुकीचा आहे. शुद्ध ग्लायकॉल उष्णता कमी वाहते. छोट्या गाडीत साधारण चार-पाच लिटर मावते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिले असेल तर त्यात पाणी मिसळायचे नाही. रंगावर विश्वास ठेवू नये, कारण हिरवा, लाल, निळा हे कंपनीगणिक बदलतात. डब्यावर आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) यांपैकी काय छापले आहे आणि मॅन्युअल काय मागते, ते जुळवावे. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर गंजरोधकांचा उपयोग राहत नाही, कधी गाळही धरतो.

आता मुख्य मुद्दा. गाडी तापली की मालक गॅरेजमध्ये येऊन ‘हीट मारते’ एवढेच सांगतो आणि मेकॅनिक थेट रेडिएटर उतरवायला घेतो. खरा प्रश्न असा की, ती केव्हा तापते?

सिग्नलला, टोलच्या रांगेत उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळू लागली की खाली येतो, तर दोष हवेचा आहे. म्हणजे पंखा, त्याचा फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), सेन्सर, नाहीतर जाळीत अडकलेला कचरा. उलट, रांगेत ठीक आणि चढावर किंवा ताशी शंभरला तापते, तर दोष कूलंटच्या प्रवाहाचा आहे. रेडिएटर आतून चोंदलेला असतो, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धाच उघडतो, पंपाची पाती झिजलेली असतात. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा लाल रेषेकडे निघाला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा आत हवा कोंडली आहे. या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मे काम होते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तो विचारला जात नाही.

पंखा तपासणे सोपे आहे. इंजिन आयडलवर ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरतो. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे आणि तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायला हवी. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर काढला की कंट्रोल युनिट सावधगिरी म्हणून पंखा सुरू करते, त्यावरूनही हे कळते. पंखा मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहा, मग त्याच मापाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, त्या जागी लावून बघा. तरीही नाही, तर मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. तेव्हाही गप्प राहिली तर मोटरच गेली आहे. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि हळू वेगाचा रेझिस्टर जळतो. मग पंखा एकदम उशिरा आणि एकदम जोरात फिरतो. हे तपासताना इंजिन बंद असले तरी पात्यांजवळ हात नेऊ नये, काही गाड्यांत पंखा इंजिन बंद झाल्यावरही आपणहून सुरू होतो.

जुन्या डिझेल गाड्यांत पंखा इंजिनवरच, व्हिस्कस कपलिंगवर (आत घट्ट तेल असलेल्या जोडावर) असतो. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून पाते हाताने ढकलावे. जड फिरले तर ठीक. सुटल्यासारखे तीन-चार फेरे मारले तर आतले सिलिकॉन तेल संपले आहे.

जाळीचा कचरा वरून दिसत नाही. एसीचा कंडेन्सर पुढे, रेडिएटर मागे, आणि दोघांच्या सांदीत धूळ, किडे, उसाच्या पट्ट्यातला पाचट, सावरीचा कापूस यांचा नमदा बसतो. टॉर्च मारून बघावे. धुताना इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरवरची प्रेशर गन जवळून मारली तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि दोष कायमचा होतो.

प्रवाहाच्या बाजूला सगळ्यात जास्त अन्याय थर्मोस्टॅटवर होतो. ‘व्हॉल काढून टाकू, परत गरम होणार नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. थर्मोस्टॅट काढला की इंजिन पुरेसे तापतच नाही. कंट्रोल युनिटला वाटते गाडी अजून थंड आहे, ते जास्त पेट्रोल सोडत राहते, ॲव्हरेज पडते आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. स्कॅनर लावला तर पी ०१२८ हा कोड येतो. सीएनजीवाल्यांनी तर हे मुळीच करू नये. कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचल्याशिवाय सिक्वेन्शियल प्रकारचे सीएनजी किट गॅसवर जात नाही, त्यामुळे गाडी जास्त वेळ पेट्रोलवर पळते. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की निम्मे कूलंट रेडिएटरला न जाताच परत फिरते, म्हणजे गाडी आणखी तापते.

तो तपासायला चहाचे पातेले पुरते. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्या सुमाराला तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांवर आठ-दहा मिलिमीटर उघडला पाहिजे. नाही उघडला तर बदलायचा. नवा बसवताना बारीक छिद्र किंवा जिगल पिन वरच्या बाजूला ठेवावी, हवा तिथूनच निघते.

पंपाचे दुखणे खालच्या बारीक छिद्रातून दिसते. तिथे कूलंटच्या रंगाचा सुकलेला ओघळ दिसला की सील गेले. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट बदलतानाच पंपही बदलून घ्यावा, पुन्हा तीच मजुरी पडत नाही. चोंदलेला रेडिएटर ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवावा. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत.

सीएनजी गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. टाकीतला सुमारे २०० बारचा गॅस रिड्यूसरमध्ये (दाब कमी करणाऱ्या भागात) उतरताना इतका गार होतो की त्याला गरम ठेवायला इंजिनचे कूलंट फिरवलेले असते. म्हणजे दोन-चार जास्तीचे होज आणि क्लॅम्प. गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते. रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरत असेल तर कूलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे, गॅसच्या किटचा दोष नाही.

कूलंट कमी होते पण बाहेर थेंबही नाही, अशा वेळी हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे, बघावे लागते. थंड इंजिनवर कॅप काढून गाडी सुरू करावी. बुडबुडे सतत येत राहिले, किंवा कॅप लावून सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आहे. निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट करता येते, पेट्रोल गाडीत वायू असेल तर द्रव पिवळा होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नये. पावसाळ्यात जवळजवळचे फेरे मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तर मात्र काम मोठे आहे. हेड उतरवले की सपाटी सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्यावी. छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटर असते. नुसते गॅस्केट बदलून वाकडे हेड परत बसवले, तर थोड्याच दिवसांत ते पुन्हा उडते.

घाटात काय करायचे? चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत नेऊ नये. एक गिअर खाली घेतला की फेरे वाढतात, पंप जोरात फिरतो. काटा मध्याच्या वर सरकू लागला की एसी बंद, आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण. काचा उघडाव्या लागतील, मे महिन्यात शिव्याही पडतील, पण हीटरची छोटी जाळी दुसऱ्या रेडिएटरचे काम करते. तरीही काटा लाल रेषेला लागला तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ या दोन किलोमीटरांत हेड वाकते. काटा एकदम खाली पडला तर सुटलो असे समजू नये. कूलंट संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटे तापमान दाखवतो. नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो आणि तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. अशांनी ओबीडीचे (गाडीच्या तपासणी सॉकेटचे) छोटे रीडर लावून मोबाइलवर तापमान बघावे.

बॉनेट उघडावे, कॅप नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा होज हाताला सोसवेल इतका निवाला की जाड फडके टाकून कॅप अर्धी फिरवावी, दाब जाऊ द्यावा, मग काढावी. तापलेल्या हेडमध्ये गार पाणी ओतले की ॲल्युमिनिअम वाकते किंवा तडकते. बाटलीतले पिण्याचे पाणी त्या वेळी घालायला हरकत नाही, पण इंजिन निवल्यावर, थोडे थोडे. घरी पोहोचल्यावर ते सगळे काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

भरतानाही घाई नको. गाडीचे तोंड चढाकडे करावे, हीटर गरमवर ठेवावा, हवेचा स्क्रू असेल तर सैल करावा. कॅप उघडी ठेवून हळूहळू भरावे, इंजिन आयडलवर ठेवून होज दाबत राहावे. बुडबुडे थांबले की कॅप लावावी आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीत, कूलंटच्या बाटलीतली पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आहे का बघावे. तिथे पेनाने रेघ मारून पुढचे दोन आठवडे ती बघत राहावे.

गॅरेजवाल्यांना एक विनंती. कोणते कूलंट, किती लिटर, कोणत्या तारखेला भरले ते कूलंटच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा, म्हणजे पुढचा मेकॅनिक दुसरेच काही ओतणार नाही. आणि काढलेले कूलंट गटारात सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, रस्त्यावरची कुत्री ते चाटतात. जुन्या ऑइलप्रमाणेच झाकणाच्या कॅनमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि ऑइल नेणाऱ्याला विचारून वेगळे द्या, ऑइलमध्ये मिसळू नका.

आपला,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, कराड