हौद भरला की फोन वाजतो

जुळे सोलापूर,
रविवार, दुपारी

प्रिय बाळ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "तू घरात जे काय केलंयस ते आमच्या अण्णांकडं पण बसवून दे बे," हे तू एका दमात म्हणालास, पण त्याचं उत्तर एका दमात देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. बाहेर ऊन असं, की कुत्रंसुद्धा गाडीखालून हलेना.

तुला वाटतंय हे फोनवरून दिवे-पंखे लावायचं प्रकरण. तो नुसता खेळ. आमचं मूळ दुखणं पाण्याचं. पुण्यात राहून विसरला असशील. उजनी आपल्याच जिल्ह्यात, तरी नळ चार-पाच दिवसांआड, आणि तोही कधी रात्री अकराला, कधी पहाटे तीनला. पाण्याच्या दिवशी आई झोपतच नाही. हौदाचं झाकण सरकवून बघायचं, भरला की जिन्याखाली वाकून मोटर लावायची, आणि गच्चीवर टाकी सांडल्याचा आवाज येईपर्यंत जागं राहायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही तेच. मी करतो म्हणालो तर म्हणे, तू मेल्यागत झोपतोस. खोटं नाही ते.

तर सुरुवात अशी. टीव्हीच्या मागं पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर ठेवलाय, रास्पबेरी पाय. त्यावर होम असिस्टंट चालतं, घरातली बटणं न् मोटर फोनवरून चालवायचं सॉफ्टवेअर. २०१३ पासूनचं आहे ते, फुकट आणि ओपन सोर्स. बाजारातल्या बऱ्याच स्मार्ट स्विचचा हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून घरातल्या बल्बाकडं परत येतो. नेट गेलं की बसा अंधारात. हे घरातल्या घरात चालतं. फक्त पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घे. सारखी लाइट जाऊन माझं पहिलं मेमरी कार्ड खराब झालं होतं, सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं.

बटणांच्या मागं रिले, म्हणजे वायफायवरून हुकूम घेणारे छोटे स्विच, बसवायला वायरमन आला आणि बोर्ड उघडून हसायलाच लागला. रिलेला स्वतः चालू राहायला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, लागतो, आणि आपल्या जुन्या घरांत बटणाच्या डबीत नुसत्या फेजच्या वायरी. न्यूट्रल फक्त प्लगपाशी. हॉलच्या बोर्डात प्लग होता म्हणून निभावलं, आईच्या खोलीत नवी वायर ओढावी लागली. अण्णांचं घर आमच्यापेक्षा जुनं आहे, तेव्हा खर्चाचा अंदाज तिथूनच धर.

त्यात एक गंमत झाली. फोनवरून पंखा लावला की भिंतीवरचं बटण जिथल्या तिथं राहतं. म्हणजे बटण वर, आणि पंखा गरगरतोय. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बटण बंद आणि पंखा चालू, घरात हे असलं मला चालायचं नाही." शेवटी तिच्या खोलीत टिचक्यांची बटणं लावली, दाबून सोडली की आपली जागेवर येतात. वर-खालीचा प्रश्नच मिटला.

आता फोन. होम असिस्टंटचं ॲप टाकलं, ते वायफायवर पाय शोधतं, न सापडल्यास पायचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) हातानं द्यायचा, शेवटी ८१२३ हा पोर्टचा, म्हणजे दाराचा, नंबर. राउटरमध्ये पायचा पत्ता कायमचा बांधून टाक, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि फोन वेड्यासारखा शोधत बसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ गेली ती वेगळ्याच कारणानं. हे स्वस्तातले रिले फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. आमच्या राउटरचं नाव २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच, फोन जाऊन बसला ५ वर, आणि रिले काही केल्या जोडला जाईना. दोन्हींना वेगळी नावं दिली, दोन मिनिटांत काम झालं.

ॲप लोकेशन मागतं तेव्हा दचकू नकोस. आपण घरच्या वायफायवर आहोत की बाहेर, हे त्याला कळायला हवं, आणि अँड्रॉइड वायफायचं नावसुद्धा लोकेशनची परवानगी असल्याशिवाय सांगत नाही. दुसरं म्हणजे बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचं बंधन काढ. माझ्या फोननं बॅटरी वाचवायच्या नादात ते झोपवून टाकलं होतं. पाणी आल्याचा निरोप सकाळी सातला मिळाला. नळ जाऊन तीन तास झालेले.

बाहेरून घर उघडायला राउटरमध्ये पोर्ट उघडायला गेलो, काही होईना. नेटवाला एकच पत्ता कितीतरी घरांत वाटून देतो, त्यामुळं बाहेरून आपल्या दारापर्यंत रस्ताच नाही. मग टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, पायवर आणि फोनवर. दोघांमध्ये खाजगी बोगदा होतो, पोर्टबिर्ट काही उघडायला नको. तुला पुण्यातून हेच लागणार.

आता माझा गाढवपणा ऐक. मोटर एक एचपीची. चालताना पाच-सहा ॲम्पियर घेते, म्हणून मी दहा ॲम्पियरचा रिले थेट लावला. पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले. फोनवर मोटर "बंद", आणि खाली ती चालूच! ॲपला आपण दिलेला हुकूम तेवढा ठाऊक, आत काय झालंय त्याला काय माहीत? टाकी सांडून जिन्यावरून पाणी गल्लीत. समोरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "आमच्याकडं प्यायला नाही, आणि तुमच्याकडं गंगा वाहतीय." मान वर करायची सोय नव्हती.

त्यानंतर सगळं वायरमनच्या हातानं नीट केलं. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा भार झेलणारं स्विच; रिले आता फक्त त्याची कॉइल ओढतो, मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर. हौदात एक फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन चालू-बंद होणारं बटण, टाकीत एक, दोन्ही त्या कॉइलच्याच वायरीत. हौद रिकामा झाला किंवा टाकी भरली की मोटर तिथंच बंद, वायफाय असो नसो. हौदात वरच्या अंगाला तिसरा फ्लोट आहे, तो फक्त फोनला निरोप द्यायला. करंट मोजणारी एक चकतीही बसवलीय, म्हणजे मोटर खरंच चालू आहे का ते आकड्यात दिसतं. आणि जिन्याखाली ऑटो-मॅन्युअलचं बटण. खाली केलं की फोनचा संबंध संपला, आई आपली राजी.

गेल्या गुरुवारी मी अक्कलकोटला लग्नात होतो. रात्री पावणेदोनला फोन वाजला, हौद भरला. गादीवर पडल्या पडल्या मोटर लावली, आकडा साडेपाचवर गेला, वीसेक मिनिटांनी शून्य. मोठ्या खुशीत झोपलो. सकाळी घरी आलो तर आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "रात्री मोटर आपोआप सुरू झाली तेव्हा मी जिन्याखालीच उभी होते. म्हटलं, बघू तरी लावतोस का."

अण्णाही तेच करणार, धरून चाल. तू एवढंच कर. त्यांच्या मोटरवरच्या पाटीचा फोटो पाठव, एचपी बघून कॉन्टॅक्टर मी नवी पेठेतून घेऊन ठेवतो. आणि हॉलचा बोर्ड उघडून आत किती वायरी आहेत तेही बघायला सांग. मेन बंद करून, आणि वायरमनकडून. अण्णांना स्क्रूड्रायव्हर हातात देऊ नकोस.

तुझा,
पप्या