मंडपवाल्या मामांना, गोडाऊनच्या चावीबद्दल

मामा, फोनवर आभार म्हणलं की तुम्ही लगेच पावसापाण्याचं विचारता, म्हणून इथंच लिहितोय. नातीला वाचून दाखवायला सांगा.

लातूरला आमची गल्ली म्हणजे सगळी क्लासच्या पोरांची, वरच्या खोलीत नीटवाले, खालच्या खोलीत बारावीवाले, तिथं मी ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना ड्रमसेट आणला आणि दुसऱ्याच दिवशी घरमालकांनी बंद करायला लावला. पोरांचंही बरोबरच होतं. तुम्ही ताईच्या लग्नाचा मंडप सोडायला आलात, जिन्याखाली पोत्यात बांधलेला सेट बघितला आणि दोन दिवसांनी चावी हातात दिली. भाडं विचारलं तर म्हणलात, "लग्नसराईत गाद्या उचलू लाग."

त्या गोडाऊनमध्ये पत्र्यापर्यंत गाद्यांच्या थप्प्या, कनाती, सतरंज्यांच्या वळकट्या. कितीही जोरात वाजवा, सगळा आवाज गाद्या पिऊन टाकायच्या. पुढं मुंबईत पहिल्यांदा स्टुडिओच्या ड्रम रूममध्ये शिरलो तेव्हा भीतीनं तळहात ओले झाले होते, नुसती एक टाळी वाजवून बघितली तर तोच कोरडा आवाज, अगदी तुमच्या गोडाऊनचा, आणि मग जिवात जीव आला.

मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टिकटिक देणारं ॲप, ६० ला लावून तासभर एकच ठेका धरायचो. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, फास्टपेक्षा हेच अवघड, कारण दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा असते की हात आपोआप पुढं पळतो. तुम्ही बाहेर चहा पीत बसायचा आणि आतला ठेका जरा पळाला की ओरडायचा, "आज घाई करलालास रे, कुणाची एसटी सुटलालीय का?" तुम्ही कधी वाद्य हातात धरलं नाही, पण आयुष्यभर वरातीत हलगी आणि बँड ऐकून तुमचा कान असा झाला होता की तुमच्यापुढं माझी चूक कधी लपलीच नाही.

सेशनमध्ये, म्हणजे स्टुडिओत गाण्याच्या रेकॉर्डिंगला, हेच कामाला आलं. आजकाल गाण्यात कॉम्प्युटरवरचा लूप, म्हणजे परत परत फिरणारा तोच ठेका, आधीच असतो, त्याच्यावर खरा ड्रम वाजवायला आपल्याला बोलवतात, हेडफोनमध्ये मेट्रोनोमसारखी क्लिक चालू असते, आणि आपण केसभर जरी पुढं गेलो तरी लूपचा ठोका आणि आपला ठोका वेगवेगळा ऐकू येतो. चांगलं वाजवलं म्हणून कोणी पाठ थोपटत नाही, पुढच्या गाण्याला फोन आला की समजायचं.

२०२० च्या मार्चमध्ये शो बंद, स्टुडिओ बंद, मी लातूरला परत. तुमचीही लग्नसराई बुडाली होती, सगळं सामान जागेवर पडून, हे मला दिसत होतं मामा. तरी तुम्ही स्वतः गाद्या सरकवून मला कोपरा करून दिलात. चार माइक लावले, दोन वर, एक स्नेअरला, म्हणजे काडीनं वाजवायच्या पुढच्या लहान ड्रमला, एक किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, आणि तिथूनच फाइली पाठवून मी गाणी केली, त्यावर घर चाललं. लाइटबिलाचं विचारलं की तुम्ही माझ्यावर चिडायचा.

आता टूरवर असतो. ड्रमसेट प्रत्येक गावात भाड्यानं मिळतो, ड्रमरनं फक्त आपली स्नेअर, झांजा, पेडल आणि काड्या न्यायच्या असतात. माझ्या बॅगेत अजून एक वस्तू असते, तुमच्या बैठकीतला तो लहान तक्का. किक ड्रमच्या आत, चामड्याला जेमतेम टेकवून ठेवतो, मग घुमणारा आवाज आवरतो आणि ठोका छातीत बसतो. साउंडवाले आधी कपाळाला आठ्या घालतात, मग एकदा ऐकतात आणि राहू द्या म्हणतात.

तुम्ही दिलेली चावी अजून माझ्याकडंच आहे, परत मागू नका.

दिवाळीला येतोय. तक्क्याची खोळ एका बाजूनं उसवलीय, आतला कापूस दिसायलाय, मामींना म्हणावं सुईदोरा काढून ठेवा. पण खोळ नवी नको, तीच लाल पाहिजे.