फॉन्ट नव्हे हो, अक्षरं!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला नाटकांच्या नावांची अक्षरं काढणारे कमल शेडगे यांच्या ‘माझी अक्षरगाथा’ या पुस्तकावरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘फॉन्ट’ हा शब्द सात वेळा आला आहे. ‘शेडगेंनी मराठी नाटकांना देखणे फॉन्ट दिले’ हे तर चौकटीत, ठळक!

फॉन्ट म्हणायचंच तर र. कृ. जोशींच्या ‘मंगल’ला म्हणा. तो कॉम्प्युटरसाठीच केलेला. ‘क’ कुठेही टाका, तोच ‘क’ येणार. शेडगेंनी त्या त्या नाटकाच्या नावापुरती अक्षरं हातानं काढली. ‘मत्स्यगंधा’ची अक्षरं काढून फार्साला लावा बरं!

आमच्या परभणीत मुंबईचा पेपर रेल्वेनं दुसऱ्या दिवशी यायचा. त्यातल्या नाटकांच्या जाहिराती कापून मी खळीनं दोनशे पानी वहीत चिकटवायचो. नाटक एक बघितलं नाही, नावं मात्र वळणासकट पाठ. 2020च्या जुलैत शेडगे गेले, त्या दिवशी ती वही काढून बसलो होतो.

त्या वहीच्या जोरावर तीस वर्षं पाट्या रंगवल्या. बाजारातल्या एका किराणा दुकानाच्या पाटीवर ‘किराणा’ची वेलांटी अशी ओढली होती की अख्ख्या शब्दावर छत्री. मालकानं मजुरीवर दोन किलो साखर दिली. पुढं त्यांच्या मुलानं पाटी उतरवून फ्लेक्स लावला. छापताना वेलांटी उडाली, झालं ‘कराणा’. अजून तसंच आहे. सांगायला गेलो तर म्हणतो, “काका, तुमच्या जुन्या पाटीचा फॉन्ट कोणता होता? पेनड्राइव्हमध्ये असंल तर द्या.”

तो पोरगा आहे, गल्ल्यावर बसतो. आपल्याकडं तर कलाविभाग आहे म्हणे. त्या विभागानं पुस्तकातली चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी छापली आणि खाली अर्धं पान क्लासची जाहिरात. भिंग लावूनही मला एक शिरोरेषा धड दिसली नाही. जाहिरातीतला फोन नंबर मात्र समोरच्या ओट्यावरून वाचता येतो.

जाता जाता : मागच्या पत्राखाली माझं गाव पाथरी छापलं होतं. पाथरीकरांबद्दल आदर आहे, पण मी राहतो परभणीत.

आपला,
एक पेंटर, परभणी (पाथरी नव्हे)