फ्रँक नोला यांना अनावृत आभार पत्र

आदरणीय श्री. फ्रँक नोला यांस,

सविनय नमस्कार.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे नासाचे मार्शल अंतराळ उड्डाण केंद्र आहे. तेथे अभियंता म्हणून काम करताना आपण इंडक्शन मोटरसाठी, म्हणजे पंप आणि यंत्रे फिरवणाऱ्या नेहमीच्या विजेच्या मोटरसाठी, जो पॉवर फॅक्टर कंट्रोलर (मोटरचा भार ओळखून तिला गरजेपुरतेच व्होल्टेज देणारे सर्किट) तयार केला, त्याने माझ्यासारख्या मोटर आणि तिच्या नियंत्रणाचेच काम करणाऱ्या माणसाला एक दृष्टी दिली. आपली माझी ओळख नाही. परंतु ज्यांच्या आखणीवरून आपण काम शिकलो त्यांचे ऋण मान्य करायला ओळख लागत नाही, असे मला वाटते, आणि म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

इंडक्शन मोटरची अडचण तशी जुनी आहे. तिचा वेग पुरवठ्याच्या वारंवारतेशी बांधलेला असल्यामुळे लोड, म्हणजे कामाचा भार, असो वा नसो, ती जवळपास त्याच वेगाने फिरत राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती काम करते आहे की नुसतीच फिरते आहे हे कळत नाही. पूर्ण व्होल्टेज मिळत असल्यामुळे गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र मात्र पूर्ण ताकदीने उभे राहते, त्यासाठी लागणारा करंट वाहत राहतो, आणि लोखंडातील व तांब्यातील नुकसान उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत राहते. कापकाम क्षणभर आणि रिकामे फिरणे बराच वेळ, अशा यंत्रांवर तर मोटरची अवस्था घरात कोणी नसताना सगळे दिवे लावून ठेवल्यासारखी असते. हे सर्वांना ठाऊक होते. पण मोटरला या क्षणी नेमकी किती गरज आहे हे तिला विचारायचे कसे, हा प्रश्न उरत होता. शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोजणारे उपकरण बसवणे लहान मोटरच्या बाबतीत परवडणारे नव्हते.

आपण जे उत्तर काढले ते आजही विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मला आनंद होतो. मोटरच्या करंटची व्होल्टेजच्या मागे पडण्याची जी सवय आहे, तिच्यातच लोडची बातमी दडलेली असते. विजेचे एक पूर्ण चक्र 360 अंशांचे धरले, तर रिकाम्या फिरणाऱ्या लहान मोटरमध्ये करंट 80 अंशांच्या आसपास मागे असतो आणि पूर्ण लोडवर तो 30 अंशांच्या जवळपास येतो. ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) व्होल्टेज आणि करंट या दोन्ही रेषा एकाखाली एक लावून शाफ्टवर हळूहळू भार टाकला, की दोन्हींच्या शून्य ओलांडण्याच्या क्षणांमधले अंतर डोळ्यांदेखत आकसत जाते आणि भार काढला की पुन्हा रुंदावते. वेगळा सेन्सर नको, शाफ्टला हात लावायला नको. आपल्या सर्किटने ही दोन्ही शून्ये पकडली, त्यांच्यातील अंतर मोजले, ते ठरवलेल्या मूल्याशी ताडून पाहिले आणि जो फरक निघाला त्यावरून ट्रायॅक (मोटरकडे जाणारी वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अर्धचक्रात किती उशिरा चालू करायचा हे ठरवले. अंतर वाढले म्हणजे मोटर रिकामी आहे, म्हणून व्होल्टेज कमी. अंतर घटले म्हणजे भार आला, म्हणून व्होल्टेज जास्त. 60 हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला 120 अर्धचक्रे येतात, आणि त्यातील प्रत्येक अर्धचक्रात ट्रायॅकच्या वेळेचा हा निर्णय नव्याने होऊ शकतो.

ऐकायला हे सोपे वाटते, आणि अनेकांनी ते सोपेच समजून आखण्या केल्या. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज अर्धे केले की टॉर्क चतुर्थांश उरतो. त्यामुळे रिकाम्या मोटरचे व्होल्टेज उतरवून ठेवले असताना अचानक भार आला, तर ते वेळेत परत चढले पाहिजे, नाहीतर मोटर अडखळून थांबेल. उलट नियंत्रण फार उतावीळ ठेवले तर ते पुढे-मागे झोके घेऊ लागते आणि मोटर गुरगुरते. या दोन टोकांमधली जागा शोधणे हेच खरे अभियांत्रिकीचे काम आहे, आणि माझ्या मते आपल्या शोधाची खरी किंमत याच भागात आहे, जरी लोकांच्या बोलण्यात केवळ वीजबचतच येत असली तरी.

4 ऑक्टोबर 1977 रोजी या शोधाला 4052648 क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले. 1973 च्या तेलसंकटानंतर जगभर ऊर्जेच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब सुरू झाला होता, त्या काळात हे घडले. पेटंटचे हक्क अमेरिकन सरकारच्या वतीने नासाकडे होते आणि नासाने अनेक उत्पादकांना परवाने दिले. पेटंटमधील आकृत्या आणि स्पष्टीकरण तर कोणालाही वाचता येण्याजोगे होते. मला या गोष्टीबद्दल विशेष आभार मानायचे आहेत. मी या क्षेत्रात जे काही शिकलो, त्यात हातात आकृती घेऊन एकेक घटक कशासाठी आहे हे उलगडत बसण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि आपली आकृती उलगडताना कोठेही अडून बसावे लागत नाही. प्रत्येक भागाचे काम पुढच्या भागाची गरज सांगत जाते. आपण पुढे थ्री-फेज मोटरसाठीही (एकाऐवजी तीन विद्युत लहरींच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या मोटरसाठी) हेच तत्त्व विकसित केले, तेव्हा एका फेजच्या जागी तीन फेज आल्याने वाढणारा गुंता आपण कसा सोडवला, हे वाचणे माझ्यासाठी एका स्वतंत्र अभ्यासक्रमासारखे ठरले.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. नासाचे नाव पुढे करून कोणत्याही मोटरवर भरमसाट बचतीची आश्वासने देणारे विक्रेते बाजारात आले, आणि ग्राहकांचा अपेक्षाभंग झाला की लोक तत्त्वालाच दोष देऊ लागले. हे आपल्यावर अन्याय करणारे आहे. पूर्ण लोडवर सतत चालणाऱ्या मोटरला या युक्तीतून जवळपास काहीच मिळत नाही, कारण तेथे व्होल्टेज कमी करायला वावच नसतो; आणि मोठ्या, चांगल्या कार्यक्षमतेच्या थ्री-फेज मोटरमध्ये रिकामे असतानाचे नुकसान मुळातच तुलनेने कमी असते. लहान, कमी कार्यक्षमतेच्या आणि बहुतेक वेळ हलक्या लोडवर फिरणाऱ्या मोटरवर मात्र फायदा खरा आहे आणि मीटरवर दिसतो. ज्याने मोटरचा पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या किती बरोबरीने वाहतो याचे माप) लोडप्रमाणे कसा बदलतो हे समजून घेतले आहे, त्याला ही मर्यादा आपल्या तत्त्वातूनच कळते.

वेग बदलण्याची गरज असलेल्या कामांत पुढे वारंवारता बदलणारे ड्राइव्ह पुढे गेले, आणि ते योग्यच झाले. पण वेग बदलायचा नसेल आणि मोटर केवळ नीट सुरू करायची असेल, तर समोरासमोर जोडलेले थायरिस्टर (ट्रायॅकसारखेच इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून व्होल्टेज हळूहळू चढवणारा सॉफ्ट स्टार्टर आजही पॅनेलमध्ये बसतो. त्यांपैकी कित्येकांत हलक्या लोडवर व्होल्टेज उतरवण्याची सोय असते, आणि त्या सोयीचे तर्कशास्त्र आपल्या 1977 च्या पेटंटमध्ये शब्दशः वाचता येते. नव्याने काम शिकणाऱ्या मुलांना मी असा सॉफ्ट स्टार्टर उघडून दाखवतो, तेव्हा सेटिंगच्या यादीकडे वळण्याआधी त्यांना ऑसिलोस्कोपवरच्या त्या दोन रेषांपाशी आणतो आणि भार कमी-जास्त करून त्यांच्यातले अंतर मोजायला लावतो. मग सेटिंगमधील प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे त्यांना पाठ करावे लागत नाही. या शिकवण्याचे श्रेय आपले आहे, आणि त्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला कृतज्ञ,
मोटर नियंत्रणाच्या क्षेत्रातील एक तंत्रज्ञ