मा. आरोग्यमंत्री, माझ्या लेकीसाठी झडप कुठून आणू?

महोदय, स.न.वि.वि.

परवा माझ्या सतरा वर्षांच्या मुलीचं ठरलेलं ऑपरेशन रद्द झालं. "होमोग्राफ्ट, म्हणजे मृत दात्याच्या हृदयाची झडप, मिळत नाही. मेटलचा व्हॉल्व्ह बसवू, सही करा," एवढंच सांगितलं.

तिच्या ऑर्टिक व्हॉल्व्हला, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त सोडणाऱ्या झडपेला, जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या आहेत. आता तो गळतो, जिना चढताना धाप लागते. यावरचा इलाज कालपरवाचा नाही. डोनाल्ड रॉस या सर्जनने लंडनमध्ये तो १९६७ साली केला. पेशंटचाच निरोगी पल्मनरी व्हॉल्व्ह, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त सोडणारी झडप, काढून ऑर्टिकच्या जागी बसवायचा आणि रिकाम्या झालेल्या जागी मृत दात्याचा, म्हणजेच होमोग्राफ्ट. मग रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही.

मेटलच्या व्हॉल्व्हचं मला सांगू नका. माझ्या जाऊबाईंना तो आहे. रक्त पातळ करायची रोजची गोळी, रक्त किती पातळ झालंय ते बघणाऱ्या आयएनआर तपासणीसाठी जिल्ह्याला हेलपाटे, पालेभाजीने गोळीचा असर बदलतो म्हणून ताटात मेथी किती पडली याचाही हिशोब. विळीने बोट कापलं तर फडकं दाबून बसून राहतात. माझी पोरगी कबड्डी खेळते. उद्या लग्न होऊन दिवस गेले, तर हीच गोळी पोटातल्या बाळाला घातक. तेव्हा तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तुमच्या?

ऑपरेशन अवघड आहे, एकाऐवजी दोन झडपांना हात लागतो, सगळं विचारून घेतलंय. सर्जन तयार आहे. अडलंय ते दात्याच्या झडपेपाशी.

आणि ती का नाही? अवयवदानाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या, त्यात हृदयाच्या झडपा आल्या. हृदय बंद पडल्यावरही काही तासांत त्या काढून गोठवून ठेवता येतात. माझा धाकटा दीर अपघातात गेला, तेव्हा आम्हाला डोळ्यांचं विचारलं. आम्ही दिले. झडपांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चांगलं तिशीतलं काळीज सरणावर गेलं!

दर ३ ऑगस्टला अवयवदान दिन येतो. फ्लेक्स लागतात, शपथा होतात, फोटो निघतात. आमच्या हातात पाच लाखांच्या उपचाराचं कार्डही दिलंत. जी वस्तू आम्हाला मिळतच नाही, ती कार्डावर कशी मिळणार? गरिबाला योजना द्यायची आणि इलाज मुंबई-दिल्लीतल्या ओळखीवर सोडायचा, हीच तुमची आरोग्यव्यवस्था. सरकार कुणाचंही असो, आम्ही रांगेतच.

सहानुभूतीचं पत्र नको. सरकारी मेडिकल कॉलेजांत झडपांची पेढी कुठे सुरू होणार आणि शवविच्छेदनगृहाबाहेर नातेवाइकांना विचारायला माणूस कधी बसणार, ते तारखेसह लेखी कळवा.

एक आई,
जत तालुका, जि. सांगली