सावली पडते, आणि तो शिलालेख मराठीत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला तंजावर जिल्ह्यावरचा पानभर लेख वाचला. दक्षिणेतल्या देवळांना एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराची, सावली जमिनीवर पडतच नाही, ही लोणकढी थाप तुम्ही 'स्थापत्यातला चमत्कार' म्हणून ठळक चौकटीत छापावी, याचा मला राग आला आहे. रात्र गेली तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे पत्र.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 11 अंशांवर आहे. तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये. तेव्हा भर दुपारी सावली पायथ्यातच राहते, आणि वर निमुळत्या होत गेलेल्या कुठल्याही इमारतीची तशीच राहील. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास विमानाच्या उत्तरेला अंगणात लांबच लांब सावली पसरली होती. चंडिकेश्वराचे छोटे देऊळ तिच्यात पूर्ण बुडाले होते, आणि ऊन चुकवायला आलेली माणसे डबे उघडून तिथेच बसली होती. आमचा गाइड त्याच सावलीत उभा राहून सावली पडत नाही असे सांगत होता. मी पायाखाली बोट दाखवले तर म्हणाला, "मॅडम, सगळे असंच सांगतात." त्याला मी दोष देणार नाही, त्याचे पोट त्यावर आहे. वर्तमानपत्राने तरी पडताळून पाहायला नको का?

थापांची तिथे गरजच नाही. राजराज चोळाने 1010च्या सुमारास हे देऊळ पुरे केले. कावेरीच्या गाळाच्या सपाट मुलखात, दुरून ग्रॅनाइट आणून. देवळाला आपण काय दिले, थोरल्या बहिणीने काय दिले, राण्यांनी काय दिले, हे सगळे त्याने दगडावर कोरून घेतले. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे आणि त्यांची घरे कोणत्या गल्लीत, हेही त्या लेखांत आहे. लेखकाला यातले काहीच सांगावेसे वाटले नाही?

आता जे मला खरोखर लागले ते सांगते. मराठी वर्तमानपत्रातल्या तंजावरवरच्या पानभर लेखात तिथल्या मराठी शिलालेखाचा उल्लेखही नाही. प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या तटाच्या, ओवऱ्यांमध्ये नैऋत्येच्या बाजूला भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत, देवनागरीत कोरलेला आहे. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी तो 1803 मध्ये कोरवून घेतला. सगळीकडे तमिळ अक्षरे पाहून डोळे थकलेले असताना एकदम ओळखीच्या मात्रा-वेलांट्या दिसल्या आणि मी उभीच राहिले. भाषा जुनी आहे, पण थांबत थांबत वाचले तर अर्थ लागत जातो. ओळीमागून ओळी, भिंत संपता संपत नाही. माझ्या शेजारी दोन कॉलेजची मुले त्याच अक्षरांना पाठ टेकून मोबाइल बघत बसली होती. काय लिहिले आहे ते सांगितल्यावर ती चटकन उठली आणि वाचायला लागली.

मला मात्र वाचू दिले नाही. आमच्या यात्रा कंपनीचा माणूस हाका मारत आला, "काकू, चला, साडीचं दुकान जेवणाच्या वेळेला बंद होतं." मी आणखी अर्धा तास मागितला. मिळाला नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दारावरून गाडी पुढे गेली. मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जिथे जपली आहेत ते हे ग्रंथालय. साड्यांच्या दुकानात आम्ही दीड तास होतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून 1855 मध्ये इंग्रजांनी संस्थान संपवीपर्यंत पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षे जिथे मराठी दरबार भरत होता, तिथे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसांना हे असे फिरवतात. आणि तुमच्या लेखात शेवटी सल्ला काय, तर "तंजावर अर्ध्या दिवसात आरामात होते." अहो, तोच सल्ला वाचून या कंपन्या कार्यक्रम आखतात!

त्याच जिल्ह्यातल्या दारासुरमच्या चोळकालीन देवळाला निदान दोन परिच्छेद मिळाले, ते चांगले झाले. मंडपाला जोडलेले दगडी घोडे आणि रथाची चाके यांचे वर्णनही नेमके आहे.

जाता जाता आणखी एक. पहिल्या पानावरचा मोठा फोटो तंजावरचा नाही, गंगैकोंडचोळपुरमचा आहे. तंजावरचे विमान सरळ रेषेत वर चढते. राजराजाचा मुलगा राजेंद्र याने बांधलेल्या त्या देवळाचे विमान आत वळत जाते, हे फोटोत स्पष्ट दिसते. शिवाय ते आज तंजावर जिल्ह्यात नाही, अरियलूर जिल्ह्यात आहे.

दुरुस्ती छापावी ही विनंती. पुढच्या रविवारी, त्याच पुरवणीत आणि तशाच ठळक चौकटीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा