बत्तीवाल्या काकांना

गेल्या शनिवारी वेंगुर्ल्यात, देवळाच्या सभामंडपात, माझा फाळणीवरचा एकपात्री प्रयोग होता. कराची सोडून बोटीने मुंबईला आलेली एक मराठी आजी. तिला सकाळचं जेवण आठवत नाही, पण १९४७ चं घर खोलीखोलीने आठवतं. भारत-पाकिस्तानची सीमा ठरवणारी रॅडक्लिफ रेषा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली, हे सांगत असतानाच पाऊस कोसळला आणि वीज गेली. जनरेटर सुरूच होईना. (तो आणायचा हट्ट माझाच!)

मागच्या रांगेतले एक काका "जरा थांबा हां" म्हणत पावसात गेले. पंधरा मिनिटांनी आले ते जुनी पेट्रोमॅक्स, म्हणजे रॉकेलची बत्ती, घेऊन. छत्री बत्तीवर, स्वतः चिंब. मेंटल (उजेड देणारी जाळी) बांधलं, पंप मारला आणि म्हणाले, "तुमी बोला, बत्तीचा मी बघतंय."

पुढचा पाऊण तास ते खांबाआड उकिडवे बसून होते. उजेड मंदावला की पंप मारायचे, पण माझ्या वाक्याच्या मध्ये एकदाही नाही. आजी कुलपाची किल्ली शोधते तिथे मी बराच वेळ गप्प असते. त्या शांततेत फक्त बत्तीची सुरसुर. इतकं चांगलं पार्श्वसंगीत मला आजवर मिळालेलं नाही.

नाव विचारायच्या आत काका निघून गेले. आल्याचा चहा आणि कोरडा टॉवेल देणाऱ्या शेजारच्या काकूही तशाच. दोघांचे मनापासून आभार. काका, तुमची छत्री देवळातच राहिली आहे. पुजाऱ्यांकडे ठेवली आहे, तेवढी न्या.